बाबल मेस्त्रींची खोळ

बाबल मेस्त्री कुठलीही वस्तू आधी अंगठ्याने दाबून बघायचे. डोळ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. फणस, उशी, बेकरीतला पाव, एसटीची सीट, जे समोर येईल त्यावर उजव्या हाताचा अंगठा टेकवायचा, जरा जोर द्यायचा आणि मान कलती करून वाट बघायची. वस्तू दबून परत वर आली की म्हणायचे, "बरी आसा." आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हा ते मुद्दाम बघायला आले. सोफ्याला वर यायला वेळ लागला. "ह्येच्यात भुसो भरलेलो आसा," असं माझ्या बाबांना सांगून, चहा पिऊन गेले. त्यानंतर बाबा त्या सोफ्यावर मोकळेपणाने कधी बसले नाहीत.

मालवणात आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये चिऱ्यांचा एक बुटका गडगा आहे. पलीकडे त्यांचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. बाजारात त्यांचं दुकान होतं, पण ते इतकं लहान की मोठा कपडा तिथे पसरता यायचा नाही. त्यामुळे रिक्षांचे टप, टेम्पोच्या ताडपत्र्या, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींवरची छतं, हे सगळं ते खळ्यात पसरून बेतायचे. मी आमच्या पडवीत पुस्तक घेऊन बसायचे. पुस्तक इंग्रजी असायचं आणि मी गप्प असायचे, म्हणून त्यांनी माझं नाव 'इंग्लिश' ठेवलं होतं.

"काय गो इंग्लिश, आज पण बोलण्यार टॅक्स आसा?"

मला मालवणी सगळी समजते, पण बोलायला गेले की जीभ अडते. आणि शाळेतली मराठी त्यांच्यापुढे काढायची लाज वाटायची. मी नुसती हसायचे.

"बरां, बरां. हसण्यार नाय मां टॅक्स," असं म्हणून ते कात्री उचलायचे.

त्यांच्या शर्टाच्या कॉलरीत कायम एक जाड सुई खोचलेली असे, दोऱ्यासकट. लग्नाच्या शर्टातसुद्धा. एकदा मी बाबांबरोबर ओरोसला निघाले होते. बाबांची नोकरी तिथे, जिल्हा कचेरीत. मेस्त्रीही त्याच गाडीत होते. त्यांच्या समोरच्या सीटचं रेक्झिन उसवून आतला स्पंज बाहेर आला होता आणि त्यावर एक बाई बसल्या होत्या. मेस्त्रींनी अंगठा लावला, मग त्या बाईंना उठवलं आणि कॉलरीतली सुई काढून शिवायला बसले.

"ओ काका, सरकारी मालमत्ता आहे ती. हात लावायचा नाही," कंडक्टर ओरडला.

"मगे सरकाराक सांग शिवूक. मी उठतंय."

"बाईंना बसू द्या आधी."

"बसतली, बसतली. पाच मिन्टां."

पाच मिनिटं ओरोसपर्यंत चालली. बाई उभ्याने आल्या आणि उभ्यानेच उतरल्या. मेस्त्रींनी शेवटची गाठ मारून अंगठा दाबला, समाधानाने मान हलवली आणि खिडकीतून डोकं काढून त्या बाईंना हाक दिली, "येताना हीच गाडी बघून बसा हां!"

'ढिलां' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती. चहा ढिला असायचा, सरकार ढिलं असायचं, एखाद्याचा जावई ढिला निघायचा. त्यांचं स्वतःचं काम डमरूसारखं ताठ. त्यासाठी ते प्रत्येक कपडा मुद्दाम जरा कमी कापायचे. वापरात कपडा पसरतो, मग तो मापात येतो, असा त्यांचा हिशोब होता. गिऱ्हाईक म्हणायचं, मेस्त्री, कमी पडतोय. मेस्त्री म्हणायचे, "बसतलो." दोन-दोन माणसांनी ओढून तो टप रिक्षेवर चढवायचा, आणि तो बसायचाच. तापवून ताणलेलं काम मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही. दुसरे लोक रेक्झिन उन्हात टाकून, मऊ करून, ओढून बसवतात, त्यावर त्यांचा राग होता. "तापवन बसवणां म्हणजे गिऱ्हायकाक फसवणां. थंड झाला की बटणां तोडता तां."

त्यांचा एकुलता एक मुलगा केदार मालवाहू बोटींवर फिटर होता. दुसरा करार संपवून तो आला तेव्हा मडगावहून एक जुनी तांबडी गाडी घेऊन आला. दोन दारांची, वर कापडी टप असलेली. तो टप मागे ओढून, घडी करून, मागच्या सीटच्या पाठीमागे खाली ठेवता यायचा, आणि गाडी पूर्ण उघडी व्हायची. अख्खी आळी बघायला जमली. मेस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"पैसे देवन अर्धीच गाडी हाडलंस?"

"बाबा, टप खाली जाता तेचो. बगा."

"माझ्या रिक्षांचो पण जाता. वारो इलो की."

सुमनकाकी, म्हणजे मेस्त्रींची बायको, पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी केदार दोघांना घेऊन तोंडवलीला गेला, काकींच्या माहेरी. जाताना काकींच्या अंबाड्यावर सुरंगीचा वळेसर होता. येताना एकही फूल उरलं नव्हतं, केस झिंज्यांसारखे उडालेले, आणि हसून हसून त्यांना गाडीतून उतरता येत नव्हतं. मेस्त्री मागच्या सीटवर उलटे बसलेले, दोन्ही हातांनी त्या घडी केलेल्या टपाला धरून. वाऱ्याने तो फुगून उडत होता, म्हणून तोंडवलीपासून मालवणपर्यंत ते तसेच बसून आले होते.

"ह्येका वरसून खोळ व्हयी," ते उतरता उतरता म्हणाले. "ह्यां असां उघड्यार ठेवणत नाय."

मूळ गाडीबरोबर अशी खोळ येते म्हणे. खाली केलेल्या टपावर ती घालायची आणि कडेने टिचबटणं लावायची, म्हणजे टप उडत नाही, धूळ बसत नाही. या गाडीची कुठे हरवली होती. मेस्त्रींनी कोल्हापूरहून जाड काळं रेक्झिन मागवलं. मे महिन्याच्या भर दुपारी तापलेल्या खळ्यात ते पसरलं, माप घेतलं आणि आपल्या सवयीप्रमाणे जरा कमी कापलं.

ती खोळ एकट्याने घालता येत नाही. दोन बाजूंना दोन माणसं लागतात. मागच्या सीटच्या मध्यावरून सुरुवात करायची आणि दोघांनी सारख्या जोराने ओढत दोन्ही बाजूंना बटणं लावत जायचं. एकाने जास्त ओढलं तर ती तिरकी होते. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मुलगा. टच, टच, टच, असं करत दोघं कडेने पुढे आले आणि ड्रायव्हरच्या बाजूचं शेवटचं बटण दोन बोटं अलीकडे राहिलं.

"बसतली," मेस्त्री म्हणाले.

नाही बसली. रिक्षेच्या टपाचा कपडा पसरतो तसं हे जाड रेक्झिन पसरणारं नव्हतं. पण हे मेस्त्रींच्या तोंडून येणं शक्यच नव्हतं.

"आखूड झाली बाबा."

"आखूड नाय. टपाची घडी बग कशी घातलंस ती. बेडकासारखो फुगलो हा."

"घडी बरोबर आसा. खोळ आखूड आसा."

"माका शिकवतंस? तुझ्या जन्माआदीपासून कापतंय मी."

केदार दर सुट्टीला आला की हे व्हायचं. दोघं समोरासमोर उभे राहून ओढायचे, शेवटचं बटण राहायचं, आणि मग जेवणाच्या पानावर बोलणं बंद. काकी दोघांना वेगवेगळं वाढायच्या. "एका बटणासाठी बापूस-झील केंडमाशासारखे फुगतत," त्या गडग्यावरून माझ्या आईला सांगायच्या. नवी खोळ शिवायला मेस्त्रींना एक दिवस पुरला असता. पण नवी शिवायची म्हणजे जुनी चुकली हे मान्य करायचं. गाडी धावायची तेव्हा त्या सुट्या कोपऱ्याची फडफड रस्त्यापर्यंत ऐकू यायची. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं, केदार आला.

शेवटच्या वेळी तो बोटीवर जायला निघाला तेव्हा थंडीचे दिवस होते. मेस्त्री दुकानात गेलेले. मी पडवीत होते. केदार माझ्याशी शाळेतली मराठी बोलायचा, मला अवघडायला होऊ नये म्हणून.

"जरा एक हात देशील? दुसऱ्या बाजूला कोणी नाहीये."

मी गडगा ओलांडून गेले. विहिरीच्या पंपावर पत्रा आहे, त्यावर त्याने सकाळपासून ती खोळ उन्हात टाकून ठेवली होती. उचलली तेव्हा ती गरम घावन्यासारखी लुळी पडत होती. आम्ही मधून सुरुवात केली. "एकदम ओढायचं. मी पुढे गेलो तर थांबव मला," तो म्हणाला. एकदा तो पुढे गेला तेव्हा मी हात वर केला, आणि तो थांबला. शेवटचं बटण त्याने अंगठ्याने दाबलं. टच.

"बाबांना सांगू नकोस हां कसं केलं ते. मे महिन्यात आलो की मीच सांगेन. तोपर्यंत जरा डोकं खाजवू देत."

संध्याकाळी मेस्त्री आले. खोळ बघितली. एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक बटणावर अंगठा दाबत त्यांनी फेरी पूर्ण केली. शेवटच्या बटणापाशी बराच वेळ उभे राहिले. मी गडग्यापलीकडून बघत होते.

"सांगलंय हुतंय मी. बसतली म्हणान."

"होय बाबा."

"आज टपाची घडी नीट घातलंस. इतके दिवस घालूक नाय हुतंस."

"होय बाबा." केदारने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी येयसर काडू नका हां खोळ."

शिमगा होऊन गेल्यावर एका दुपारी काकींनी गडग्यावरून हाक मारली. "गो, हयसर ये गो. कोण इंग्लिशमधून बोलता."

मी फोन घेतला. बोटीच्या कंपनीच्या ऑफिसातला माणूस होता, फार नम्र. तुम्ही कोण लागता, असं त्याने विचारलं. शेजारी, मी म्हटलं. केदार सकाळच्या पाळीला आला नाही. सगळी बोट शोधली. बोट मागे वळवून समुद्र शोधला. आता शोध थांबवला आहे. त्याची वाक्यं छोटी आणि स्वच्छ होती, मला एकही शब्द अडला नाही. माझं सगळं शिक्षण त्या भाषेत झालं, आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं, ही भाषा आपल्याला आली नसती तर बरं झालं असतं.

मेस्त्री समोर येऊन उभे राहिले होते. हातात कात्री.

"केदार बोटीवर सापडत नाहीये," मी म्हटलं. "समुद्रातही शोधलं."

"सोधतत मां अजून?"

"नाही. थांबवलंय."

"थांबवल्यानी?" त्यांनी कात्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सुई पडली तरी माणूस ह्येच्यापेक्षा जास्त येळ सोधता."

त्यानंतरचे मेस्त्री मी फक्त शनिवार-रविवारी पाहिले, कारण मला वेंगुर्ल्याला काजूच्या एका कारखान्यात हिशेबाची नोकरी लागली. पण प्रत्येक वेळी पाहिले, कारण ते कायम गाडीपाशी असत. पाऊस जवळ आला तसं लोक सांगू लागले, मेस्त्री, खोळ काढा, टप वर करा, गाडी कुजेल. त्यांनी टप वर केला नाही. गाडीवर बांबू रोवून दुहेरी ताडपत्रीचा मांडव घातला, इतका ताठ की पाऊस त्यावर ताशासारखा वाजायचा.

"तेणां लायलेली आसा," ते म्हणायचे. "तोच काडतलो."

रोज संध्याकाळी ते कोंबडीच्या पिसाने प्रत्येक टिचबटणाला खोबरेल लावायचे, खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून. मग अंगठा दाबत फेरी. एकदा एका लग्नघरचे लोक वरातीसाठी गाडी भाड्याने मागायला आले. नवऱ्या मुलाच्या मामाने सहज एका बटणात नख घातलं. मेस्त्रींनी त्याचं मनगट असं पकडलं की तो मामा दोन पावलं मागे सरला.

"काका, बगत हुतंय फक्त!"

"डोळ्यांनी बग."

डोळ्यांनी बघायला सांगताना मी त्यांना आयुष्यात एकदाच ऐकलं.

बाबा त्यांना ओरोसला घेऊन गेले, कागदांसाठी. तिथे सांगण्यात आलं की देह मिळालेला नसताना माणूस मेला असं धरायला कायद्याने काही वर्षं थांबावं लागतं. बाबा वाईट चेहऱ्याने परत आले, आणि मेस्त्री जवळजवळ आनंदात. "बग गो इंग्लिश, सरकार ढिलां म्हणतंय मी, पण सरकार पण थांबता. मगे मी कित्या घाई करू?"

घाई काकींना होती. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग पुढचे दिवस करतात. ते झाल्याशिवाय त्याला पाणी मिळत नाही, असं काकी धरून बसल्या होत्या. तिन्हीसांजेला त्या पायरीवर पेलाभर पाणी ठेवायच्या. "सगळीकडे पाणीच, पण खारा," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "माझो झील तान्हेलो आसा. ह्येंका कळणा नाय." त्यांना झोप नव्हती. डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं झालं होतं. आणि मेस्त्रींनी एकदा नाही म्हटलं की नाही. पुतळा जाळायचा म्हणजे केदार मेला. ते म्हणणार नव्हते.

शेवटी काकींनी देवाला कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय. काकींनी गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं, दिवस करू का म्हणून विचारलं. उजवी पडली. काकी रडत खाली वाकल्या, आणि मेस्त्री सरळ पुढे होऊन पाषाणाच्या उजव्या अंगाला अंगठा लावून बघू लागले.

"बाबल, सोवळ्यात आसा तां!" गुरव ओरडला.

"हयसर ओल जास्त आसा. फूल पडतलाच. नीट चिकटवूक नाय तुमी. परत लावा."

"अरे, देवाचा काम आसा ह्यां. रिक्षेचा नाय."

"काम काम असता," मेस्त्री म्हणाले आणि बाहेर पडले. काकी तिथेच बसून राहिल्या. घरापर्यंत त्या नवऱ्याबरोबर चालल्या नाहीत, आमच्या आईबरोबर आल्या. त्या दिवसापासून त्या घरात दोन चुली झाल्या नाहीत इतकंच, बाकी दोघं वेगळेच. पेल्यातलं पाणी मात्र रोज पायरीवर असायचं, आणि मेस्त्री रोज त्याला वळसा घालून गाडीकडे जायचे.

पावसाळे गेले. गाडीतून कुबट वास यायला लागला, आधी जवळ गेल्यावर, मग गडग्यापर्यंत, मग आमच्या पडवीपर्यंत. सीटवर पांढरी बुरशी धरली ती मेस्त्री फडक्याने पुसायचे. खोळीच्या आत काय झालंय ते आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही असणार. ज्या माणसाचं आयुष्य कपड्यात गेलं, त्याला पावसाळ्याच्या दमट हवेत टप घडी करून दाबून ठेवल्यावर त्याचं काय होतं, हे कोणी सांगायला नको.

एका थंडीतल्या रविवारी सकाळी ते गडग्यापाशी आले. मी केस विंचरत होते. त्यांनी 'इंग्लिश' म्हटलं नाही. माझं नाव घेतलं. त्यांना माझं नाव माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"बटाण सुटला," ते म्हणाले.

मी गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं शेवटचं टिचबटण. थंडीने रेक्झिन आक्रसलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितलं, गुडघा टेकवून ओढून बघितलं. दोन बोटं. त्यांची बोटं खरचटली होती, म्हणजे ते पहाटेपासूनच खटपट करत असावेत. सुमनकाकी दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून.

"तू हुतंस मां तेवा?" मेस्त्रींनी विचारलं. "हिणां बगल्यान तुका. दुसऱ्या बाजूक."

मी मान हलवली.

"कसां लायल्यान तेणां?"

केदारने सांगू नकोस म्हटलं होतं, मे महिन्यात आलो की मीच सांगेन. किती मे महिने होऊन गेले होते.

"पत्र्यार तापवल्यान," मी म्हटलं. "मगे लायल्यान." पहिल्यांदाच माझ्या तोंडून सबंध मालवणी वाक्य आलं, आणि जीभ कुठे अडली नाही.

मेस्त्रींनी पंपावरच्या पत्र्याकडे बघितलं. मग हातातल्या खोळीच्या टोकाकडे. मला वाटलं ते चिडतील. तापवून बसवलेल्या कामाबद्दल ते काय बोलायचे ते मला पाठ होतं.

"म्हणजे आखूडच हुती," ते म्हणाले.

त्यांनी हातातलं टोक सोडून दिलं.

"तो सांगी हुतो. पयल्या दिवसापासून सांगी हुतो." ते गाडीच्या मडगार्डला टेकून खाली बसले. "एकदा म्हणलंय असतंय तर काय जाता हुता माझां? होय रे, माप चुकला. इतक्याच आयकूचा हुता तेका."

काकी दारातून आल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी नवऱ्याला हात लावला नाही. दोघं नुसते शेजारी बसले, एसटीच्या थांब्यावर बसल्यासारखे.

बऱ्याच वेळाने मेस्त्री उठले आणि एकेक बटण काढू लागले. दुसऱ्या बाजूने मला खूण केली. एवढं तेल लावूनही काही आतून गंजली होती, ती रेक्झिनसकट फाटून आली. खोळ उचलली तशी इतकी घाण आली की काकींनी नाकाला पदर लावला. टप काळा पडला होता. घडीच्या कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं. मेस्त्रींनी वरच्या पदराला धरून तो उलगडायला बघितला, आणि भिजल्या पापडासारखा त्याचा तुकडा हातात आला. मग त्यांनी सवयीने अंगठा लावला. अंगठा आरपार गेला. त्याखालच्या घडीतूनही गेला. ते तसाच अंगठा आत ठेवून उभे राहिले.

"भटजीक सांग," ते काकींना म्हणाले. "काय तां करून टाकूया."

विधी खाडीकाठी झाला. बायका गेल्या नव्हत्या, मला बाबांनी सांगितलं. भटजींनी दर्भाचा पुतळा बांधून ठेवला होता. मेस्त्रींनी तो बघितला आणि म्हणाले, "ढिलो बांधलास." भटजी म्हणाले, जळायचाच आहे तो, मेस्त्री. मेस्त्रींनी ऐकलं नाही. खाली बसून त्यांनी सगळ्या गाठी सोडल्या आणि पुतळा नव्याने बांधला, हात, पाय, मान, एकेक गाठ दातात धरून आवळत. बांधून झाल्यावर हातात घेऊन बसले. भटजींना दोनदा सांगावं लागलं, द्या आता. बाबा हे सांगताना भिंतीकडे बघत होते.

सगळे दिवस झाल्यावर काकींनी पायरीवर पेला ठेवणं थांबवलं. त्यांना झोप लागू लागली का, मला माहीत नाही. दिसायला तशा दिसत नव्हत्या. विधीने माणूस मेला एवढंच झालं होतं. मेस्त्रींनी दुकान उघडलं, पण काम पूर्वीसारखं राहिलं नाही. त्यांनी शिवलेला एक रिक्षेचा टप मी बाजारात बघितला, वाऱ्याने मधोमध हलत होता. रिक्षावाल्याने तो परत नेऊन दाखवला नाही.

पुढच्या पावसात ते गेले. मी तेव्हा वेंगुर्ल्याला होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, एका सोमवारी सकाळी, बस पकडायला निघताना.

गॅरेजवाल्याने येऊन टपाचा सांगाडा आणि सडलेला कपडा काढून नेला होता. सीटच्या मागे नुसती पोकळी होती. मेस्त्रींनी जुनी खोळ धुऊन, फाटलेल्या जागी ठिगळं लावून, त्या पोकळीवर पसरली होती. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. एका बाजूची चार बटणं लावायची, मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूची चार, असं ते एकटेच करत होते. मी बॅग खांद्यावर घेऊन गडग्यापाशी थांबले. मदतीला जावं का, हे माझं नेहमीप्रमाणे ठरेना, आणि तेवढ्यात ते शेवटच्या बटणापाशी पोचले. ओढावं लागलं नाही. खाली टपच नव्हता, त्यामुळे एरवी दोन बोटं कमी पडणारी खोळ उलट ढिली राहिली. टच, असा आवाज इथपर्यंत आला.

त्यांनी वर पाहिलं. मी दिसले.

"बसली गो," ते म्हणाले.

खोळ मधोमध खोलगट पडली होती, आणि ताडपत्रीच्या मांडवावरून ठिबकणारं दव तिच्यात साचायला लागलं होतं. मेस्त्रींनी सवयीने अंगठा पुढे नेला. खोळीच्या वर, अगदी टेकेल इतक्या जवळ, तो थोडा वेळ तसाच थांबला. मग त्यांनी तो मुठीत मिटला, आणि पायरी चढून आत गेले.